बंधित निधीचं गणित

कुणीतरी विचारलंय, 'वित्त आयोगाचे पैसे येतात, मग गावातला रस्ता का होत नाही?' केंद्राच्या करांतला किती पैसा राज्यांना आणि पंचायतींना द्यायचा, हे हा आयोग सुचवतो. १४व्या वित्त आयोगात (२०१५-२०) सगळा निधी थेट ग्रामपंचायतीकडे यायचा. १५व्यात पंचायत समिती आणि जिल्हा परिषदही वाटेकरी झाल्या. शिवाय २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. रस्ता उरलेल्या ४० टक्क्यांतूनच करावा लागायचा, आणि त्यातून पगार देता येत नव्हते.

पाण्याला प्राधान्य हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमातली, नळयोजना झाली की तिची देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते. लहान गावात पाणीपट्टीची वसुली ती कितीशी! म्हणून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभेला जा आणि बंधित रकमेतून देखभालीसाठी किती ठेवलेत, ते आधी विचारा.