मामांसाठी शॉर्टवेव्ह रेडिओ : स्वस्तात कुठला घ्यावा?

कोलशेतकर : मदत हवी आहे. मामांना (ऐंशीच्या पुढचे) हातात मावणारा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचाय. जुना बंद पडलाय. ऑनलाइन ढीगभर दिसतात, सगळ्यांना साडेचार स्टार. रविवारच्या आत हवा. मॉडेलचं नाव सांगा, इतिहास नको.

मीटरबँड : बजेट? सेलवरचा की चार्जिंगचा? मुख्य म्हणजे मामा ऐकतात काय?

कोलशेतकर : दोन हजारांपर्यंत. ऐकतात काय म्हणजे? रेडिओ! बातम्या, गाणी.

वाशीकर : टेकसन पीएल-330. डोळे मिटून घ्या.

मीटरबँड : बजेट वाचलंत का? आणि ऐंशीच्या माणसाने त्यावरची एवढीएवढीशी बटणं दाबायची?

गीता_घणसोली : रेडिओ कशाला, न्यूज ऑन एअर अॅप टाका. फुकट, खरखर नाही.

मीटरबँड : ताई, त्यांना चाक फिरवलं की लागणारा हवाय.

गीता_घणसोली : माझे सासरे युट्यूबवर कीर्तनं लावतात. म्हाताऱ्यांना उगाच अडाणी समजू नका.

मीटरबँड : बरं. कोलशेतकर, जुन्या रेडिओवर काटा कुठे असायचा तेवढं विचारा.

कोलशेतकर : मामींना फोन केला. एमडब्ल्यूवर, 53 आणि 60 च्या मध्ये. अस्मिता वाहिनी. सकाळी पुण्याच्या सात पाचच्या बातम्या चुकवत नाहीत.

मीटरबँड : हे आधी सांगायचं ना! अस्मिता 558 किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्ह. शॉर्टवेव्ह त्याच्या बरीच वर, 3 ते 30 मेगाहर्ट्झ. बारा बँडवाल्याचे पैसे वाया जातील. साधा एएम-एफएम घ्या. फक्त खोक्यावर एएम किंवा एमडब्ल्यू लिहिलंय का ते बघा, ब्लूटूथवाले बरेच नुसते एफएम असतात.

जुना_श्रोता : शॉर्टवेव्हवर उरलंय काय! बीबीसी हिंदीसुद्धा 31 जानेवारी 2020 ला बंद झालं. आमच्या लहानपणी सिलोन लागावं म्हणून वडील खिडकीच्या गजाला वायर बांधायचे. रेडिओला पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, हे तरी कुणाला माहीत आहे का?

कोलशेतकर : इतिहास नको म्हटलं होतं. टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर लागेल का?

मीटरबँड : खिडकीशी ठेवा. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अॅडॉप्टर यांच्यापासून लांब. खरी खरखर त्यांचीच. आणि सेलवरच चालवा. दांडी कितीही ओढली तरी एएमला उपयोग नाही, त्याचा अँटेना आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा, आवाज स्वच्छ झाला की तिथेच ठेवायचा.

गीता_घणसोली : अॅपमध्ये यातलं काही करावं लागत नाही.

कळव्याचा_मिस्त्री : जुना कुणी उघडून पाहिला का? सेलच्या स्प्रिंगला हिरवा गंज धरला असेल तर पॉलिश पेपरने घासा, निम्मे तेवढ्यावर चालू होतात.

वाशीकर : घासत बसा. टेकसन घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

कोलशेतकर : मामी म्हणतात स्प्रिंग हिरवीच आहे. पॉलिश पेपर कितव्या नंबरचा?