रिहॅबनंतर आई-बाबांना परत मेमरी केअरमध्ये नेताना: तुमचे अनुभव सांगा

माझी आई ८१ची, अल्झायमर्स आहे, गेली दोन वर्षं न्यू जर्सीत एका मेमरी केअरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासी केंद्रात, आणि तिथे छान रुळली होती. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन, पाच दिवस हॉस्पिटल, आणि आज रिहॅबमध्ये (थेरपी देऊन पुन्हा उभं करतात त्या केंद्रात) अठरावा दिवस. काल मेमरी केअरची नर्स येऊन बघून गेली आणि संध्याकाळी फोन आला की आईंना उठवायला दोन माणसं लागतायत, आमच्याकडे एकाच्या मदतीने उठणारेच ठेवता येतात, सध्या घेता येणार नाही. खोलीचं भाडं आम्ही भरतोच आहोत, तिची शाल, गणपतीचा फोटो, पांघरूण सगळं तिथे. इकडे रिहॅबवाले म्हणतायत प्रगती थांबलीय, मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, बंद होईल. मग तिने जायचं कुठे? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज लिहा. काय जमलं, काय नाही जमलं, अगदी बारीकसारीक असलं तरी लिहा.

*

आम्ही शिकागोजवळ, बाबांचं दोन वर्षांपूर्वी असंच झालं. आधी एक काम करा, रिहॅबकडून थेरपीच्या रोजच्या नोट्स मागून घ्या. आम्ही तीन आठवड्यांनी मागितल्या आणि बघते तर पानोपानी एकच वाक्य, पेशंट सूचना पाळत नाही. बाबांनी इथे तीस वर्षं नोकरी केलीय, इंग्रजी उत्तम, त्यामुळे माझ्याही डोक्यात आलं नाही की डिमेन्शियात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची शेवटपर्यंत राहते. थेरपिस्ट बिचारी 'स्टँड अप' म्हणायची आणि बाबा तिच्याकडे बघून नुसते हसायचे. एक दिवस रजा टाकून मी थेरपीला गेले, समोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, उठा, गाडी आली." वॉकरवर हात ठेवून उठले हो! कमरेच्या पट्ट्याला फक्त एका माणसाचा हात होता. मला तिथेच रडू फुटलं, कारण तीन आठवडे कागदावर बाबा उठू न शकणारे होते आणि तो कागद वाचून मेमरी केअरने नाही म्हटलं होतं.

मग मोठ्या कार्डावर उठा, बसा, हळू, पाय पुढे, दुखतंय का, असे आठ-नऊ शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पलंगामागे चिकटवले. थेरपिस्टने मनापासून पाठ केले, उच्चार चुकायचे पण बाबांना कळायचं. दहा-बारा दिवसांत नोट्समध्ये 'एकाच्या मदतीने' असं यायला लागलं.

दुसरं म्हणजे वेळ. मेमरी केअरची नर्स पहिल्यांदा दुपारी चारला आली होती, आणि उन्हं कलली की बाबांची घालमेल सुरू होते हे तिलाही माहीत असायला हवं होतं. परत बघायला या असं म्हणायला मला फार संकोच वाटला, तो वाटून घेऊ नका, सरळ म्हणा. आम्ही सकाळी दहाची वेळ घेतली, नाश्ता झालेला, दुखण्याची गोळी दिलेली, आणि मी हजर.

मेडिकेअरचं: बंद होण्याची लेखी नोटीस किमान दोन दिवस आधी द्यावी लागते, आणि कव्हरेज संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्यावरच्या नंबरला फोन करून अपील करता येतं. नुसतं 'प्रगती थांबली' हे कारण पुरत नाही. २०१३च्या जिमो सेटलमेंटनंतर (मेडिकेअरवरच्या कोर्टातल्या दाव्यातली तडजोड) हे स्पष्ट झालंय की आहे ती स्थिती टिकवायलाही कुशल थेरपीची गरज असेल तर कव्हरेज मिळू शकतं. तुमचा अठरावा दिवस म्हणून हेही सांगते, जास्तीत जास्त १०० दिवस मिळतात पण पूर्ण खर्च पहिल्या २० दिवसांचाच, एकविसाव्यापासून रोजचा हिस्सा आपला, २०२५मध्ये तो २०९.५० डॉलर होता. मेडिकेअरच्या जोडीला सप्लिमेंट पॉलिसी असेल तर त्यात बघा.

*

टेक्सास. आमच्या सासूबाई तीन रात्री हॉस्पिटलमध्ये होत्या पण कागदावर 'ऑब्झर्वेशन' (नुसतं देखरेखीखाली), इनपेशंट म्हणजे रीतसर भरती नाही, त्यामुळे मेडिकेअरने रिहॅबचा एक पैसा दिला नाही. कोणी नवीन वाचत असेल तर अॅडमिट झाल्या दिवसापासून रोज विचारा, इनपेशंट आहेत ना? आम्ही मग चौथ्या दिवशी थेट मेमरी केअरमध्येच नेलं. होम हेल्थची, म्हणजे राहत्या जागी येऊन सेवा देणारी, थेरपिस्ट तिथे येते आणि ते मेडिकेअरमध्ये बसतं, हे आम्हाला तिथल्याच एका आयाबाईने सांगितलं. 'दोन माणसं' यावर अडलं होतं तर पहिले दोन आठवडे दिवसा आमच्या खर्चाने एक बाई लावली. तसं लेखी दिल्यावर डायरेक्टर तयार झाल्या. ओळखीची खोली, ओळखीचं ताट, त्यांना रिहॅबपेक्षा तिथेच बरं वाटलं असं माझं ठाम मत आहे.

*

आमचं पुण्यातलं, आणि इथे सगळं खिशातून. आईला न्यूमोनिया झाला, आयसीयूत राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, अन्न द्यायची नळी) घातली, आणि केअर सेंटरचा नियम असा की ट्यूबवाला पेशंट घेत नाही. ती ट्यूब ओढायची म्हणून हात बांधलेले, मला ते बघवायचं नाही. दिवसभर झोपेत, थेरपीलाही डोळे उघडेना. सगळे म्हणाले आजार वाढलाय, आता असंच. मावशीने डिस्चार्जचे कागद नीट वाचले तेव्हा कळलं की आयसीयूत भ्रमासाठी चालू केलेली क्वेटियापिन ही गुंगी आणणारी गोळी तशीच चालू आहे, आयसीयू सोडून तीन आठवडे झाले तरी कोणी थांबवलीच नव्हती. सायकियाट्रिस्टने ती हळूहळू कमी केली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आई म्हणाली, "चहा झाला का?"

मग गिळण्याची तपासणी करून घेतली, आधी दाटसर पेज, मग गुरगुट्या भात, ताठ बसवून, एकेक चमचा. ट्यूब निघाल्यावरच सेंटरवाले बघायला आले आणि सगळ्यात आधी त्यांनी माकडहाड आणि टाचा बघितल्या, बेडसोर आहे का. नशिबाने नव्हता, मावशी दर दोन तासांनी कूस बदलत होती. दादा सिंगापूरहून रोज म्हणायचा घरीच ने, आमची त्यावरून खूप भांडणं झाली. घरी नेलं असतं तर रात्रीचं मला एकट्याला झेपलं नसतं, हे त्याला इथे येऊन दोन रात्री जागल्यावर पटलं. प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, ही कधी थांबवायची?

*

आमचं परत जाणं झालं नाही. तेही इथे असावं म्हणून लिहितेय. आई रिहॅबमध्ये उभी राहिलीच नाही, मराठीत बोलून, सकाळी, सगळं करून. खोली दोन महिने धरून ठेवली, शेवटी सोडली, आणि सामान आणायला गेले त्या दिवशी तिची मैत्रीण, तिलाही काही आठवत नाही, दारात येऊन उभी राहिली. आई आता नर्सिंग होममध्ये आहे, पेशंट उचलायच्या मशीनने खुर्चीत बसवतात, जेवते, माझा हात धरते. तुमच्या आईचं जमो.

*

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनला वाचत बसायचे मी. अपील केलं, आठ दिवस जास्त मिळाले. कार्ड लावलं. आईला 'उठा' म्हणून काही कळेना, मग लक्षात आलं, तिला जन्मात कोणी अहो-जाहो केलं नाही, 'ऊठ गं' म्हटल्यावर उठली. दुसऱ्यांदा नर्स सकाळी आली आणि हो म्हणाली. परवा नेलं. ऑपरेशनचा पाय खाली टेकायला सोपा जावा म्हणून पलंग फिरवून लावलाय, दोन आठवड्यांसाठी बाई आहे. रात्री दोनदा उठायला बघत होती, घाबरलेली वाटली, पण काल दुपारी स्वतःच्या खुर्चीत पाऊण तास बसली. टेक्सासच्या ताई, होम हेल्थची थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा यायची आणि तिलाही असं कार्ड दिलं होतंत का?