पोराला भरवताना हातात मोबाइल: आयांशी काय बोलायचं?

अंगणवाडी ताई, कुंभारी (सोलापूर)
आमच्याकडे विडी वळणाऱ्या आया जास्त. एका हाताने पोराला घास, दुसऱ्या हातात रील. "मोबाइल ठेवा" म्हटलं की मान डोलावतात, पुढच्या गृहभेटीला तेच. साधी सवय की हाताबाहेर गेलंय, कसं ओळखायचं? सुरुवात कुठून करायची?

समुपदेशक, सात रस्ता
नुसते तास मोजू नका. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा, फोन किती वेळा अनलॉक झाला ते दिसतं. घरात फोन एकच असेल तर त्यात नवऱ्याचा वापर आणि पोरांची कार्टूनंही धरली जातात, म्हणून ॲपनुसार बघा. मग विचारा: कमी करायचं ठरवून जमलं का? लपवून बघता का? झोप मोडते का? 'व्यसन' हा शब्द मात्र नको, बाई गप्प होते.

बालविकास तज्ज्ञ
आधी फक्त भरवण्याची वेळ धरा. पोट भरलं की बाळ तोंड फिरवतं, ओठ मिटतं, चमचा ढकलतं. आईची नजर स्क्रीनवर असली की हे निसटतं आणि घास कोंबला जातो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात आईने चेहरा निर्विकार ठेवला, तेव्हा बाळांनी आधी हसून तिला बोलावलं, मग नजर वळवली. रील बघणारा चेहरा बाळाला तसाच दिसतो.

विडीचे हात तंबाखूचे, तेच फोनला लागतात. म्हणून एवढंच सांगा: साबणाने हात धुतले की भरवून होईपर्यंत फोनला शिवायचं नाही. फोन फळीवर पालथा, रिंग चालू. हे कारण बायांना लगेच पटतं.

समुपदेशक, सात रस्ता
हे उत्तम. ॲप टायमरवर विसंबू नका, तो दोन टॅपमध्ये निघतो. त्यापेक्षा रीलच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करून द्या.

अंगणवाडी ताई, कुंभारी
पण दिवसभर विडीचं सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला दुसरा विरंगुळा कुठला?

बालविकास तज्ज्ञ
तो काढून घ्यायचाच नाही, डोळ्यांवरून कानांवर आणायचा. गाणी, कीर्तन ऐकत विडी वळता येते, नजर पोराकडे राहते.

समुपदेशक, सात रस्ता
दोन आठवडे उदास, बाळाचं काही करावंसं वाटत नाही, असं असेल तर फोनचा विषय बाजूला ठेवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ लावून द्या, मोफत आहे. आणि हे सासूसमोर काढू नका, ताई.