कायोटीसाठी गोळी निवडताना कातडं वाचवण्याचा विचार आता सोडून द्यावा

सँडहिल्सवाला

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात सँडहिल्स भागात मित्राचं गायींचं रँच आहे. सहा हिवाळे झाले, तिथं कायोटीच्या (इकडचा कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा प्राणी) मागे जातोय. इकडे नव्यानं आलेल्या दोघा-तिघांनी "कुठली गोळी घेऊ?" असं विचारलं, म्हणून हा धागा. माझं मत ठाम आहे. विरोध असेल तर जरूर लिहा.

रायफलींच्या दुकानात एकच सल्ला मिळतो: हलकी, पातळ कवचाची, आत जाऊन फुटणारी गोळी घे, म्हणजे पलीकडून बाहेर पडत नाही आणि फरला भोक पडत नाही. हा सल्ला फरला भाव होता तेव्हाचा. कायोटीची फर लागायची ती थंडीच्या जाकिटांच्या टोपीच्या झालरीला. 2021 मध्ये कॅनडा गूसनं फर घेणं थांबवणार असं जाहीर केलं, म्हणजे सगळ्यात नावाजलेलं गिऱ्हाईकच उठून गेलं. माझ्या ओळखीत आज कातडं सोलून विकणारा एकही उरलेला नाही. मग ते वाचवायला जनावर जखमी करून का सोडायचं?

गेल्या जानेवारीत माझ्याकडे .223 या काडतुसात 40 ग्रेनची व्ही-मॅक्स होती, म्हणजे तीच पातळ कवचाची फुटणारी गोळी. (हे गोळीचं वजन, काडतुसातल्या दारूचं नाही. 40 ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास.) सशाच्या किंकाळीची नक्कल करून हाक दिली, त्या आवाजावर कायोटी नव्वदेक यार्डांपर्यंत आला आणि तिरका उभा राहिला. बार फऱ्याच्या हाडावर बसला. कोलमडला, उठला आणि तीन पायांवर टेकडीआड गेला. दोन तास बर्फावरचं रक्त बघत फिरलो, सापडला नाही. गोळी हाडावरच फुटली असणार. इकडे याला स्प्लॅश म्हणतात: वरून तळहाताएवढी जखम, आत छातीपर्यंत काहीच पोचत नाही. ते जनावर किती दिवस जगलं असेल, हा विचार अजून जात नाही.

तेव्हापासून 55 ग्रेन सॉफ्ट पॉइंट वापरतो, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, सावकाश पसरणारी गोळी. आरपार गेली तर जाऊ दे. जनावर कुठल्याही कोनात उभं असलं तरी जी आतपर्यंत पोचते, ती गोळी चांगली.

हिमरेषा

सहमत नाही. मी मोंटानात राहतो आणि हिवाळ्यातली कातडी स्वतः कमावतो. बाजार पडला म्हणून कातडं कचरा होत नाही. डिसेंबरातली फर हातात घेऊन बघा.

पण खरा मुद्दा कातड्याचा नाहीच. तुमची चूक गोळीची नव्हती, कोनाची होती. 40 ग्रेनची गोळी फऱ्याच्या हाडासाठी बनवलेलीच नाही. जनावर आडवं, म्हणजे पूर्ण कूस आपल्याकडे करून उभं होईपर्यंत थांबायचं, तोंडानं बारीक आवाज काढला की क्षणभर थबकतं, तेव्हा फऱ्याच्या मागे बार टाकायचा. त्या जागी हीच व्ही-मॅक्स कायोटीला पाय उचलू देत नाही.

आणि आरपार गेलेली गोळी पुढे कुठं जाते? फेब्रुवारीत जमीन दगडासारखी गोठलेली असते, सपाट माळ असतो, मागे कुणाच्या तरी गायी असतात. आत फुटून संपणारी गोळी तिथंच थांबते, चुकली तरी जमिनीवर तिचा चुरा होतो. सॉफ्ट पॉइंट उसळते. फर विकत नसलो तरी फुटणारी गोळी वापरायला मला एवढं कारण पुरतं.

रायफलधारी

दोघंही .223 भोवती फिरताय. .22-250 घ्या, वाद मिटेल. रेमिंग्टननं 1965 मध्ये हे काडतूस कारखान्यात आणलं, त्याआधी लोक .250 सॅवेजच्या पुंगळीचं तोंड आवळून ते घरी बनवायचे. तीच 55 ग्रेनची व्ही-मॅक्स .223 मधून सेकंदाला 3,240 फुटांनी निघते, यातून 3,680 फुटांनी. दोनशे यार्डांवर झिरो केली, म्हणजे नेम तिथं जुळवला, की तीनशेपर्यंत दुर्बिणीला हात लावावा लागत नाही. वेग असेल तर हलकी गोळीही काम करते.

सँडहिल्सवाला

@रायफलधारी, वेगानं स्प्लॅश कमी होत नाही, वाढतो. पातळ कवचाची गोळी जितकी जोरात हाडावर आदळेल तितकी लवकर फुटेल. शिवाय हाक दिल्यावर कायोटी बहुतेक वेळा दीडशेच्या आत येतो. तिथं 440 फुटांचा फायदा कागदावरच राहतो. दोनशे यार्डांवर ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात दोन्ही काडतुसांत इंचभराचाही फरक पडत नाही. नळी मात्र तुमची आधी झिजते.

@हिमरेषा, उसळण्याचा मुद्दा मान्य. मी मागे टेकडी असेल तिथंच बसतो. पण "आडवं होईपर्यंत थांबा" हे घरी बसून म्हणायला सोपं आहे. चार स्टँडमागे (एका जागी दबा धरून हाक देणं म्हणजे एक स्टँड) एक कायोटी येतो, तोही वारा घेत, तिरका, थांबेल न थांबेल असा.

हिमरेषा

मग बार टाकू नका. रिकाम्या हातानं परत यायची तयारी नसेल तर कुठलीच गोळी तुम्हाला वाचवणार नाही.

नवाशिक्या

माझे दोन प्रश्न. मी एच-1बीवर आहे, बंदूक बाळगणं कायदेशीर आहे का? आणि सहकाऱ्याकडून जुनी .22-250 मिळतेय, नळीवर 1:14 लिहिलंय.

रायफलधारी

अशा व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक आणि काडतुसं दोन्हींची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. म्हणून आधी राज्याचा परवाना काढा, तो खिशात असेल तेव्हाच रायफलीला हात लावा, आणि परवान्याची मुदत संपू देऊ नका. मित्राची रायफल "जरा धरून बघतो" हेसुद्धा नको.

1:14 म्हणजे गोळीला एक पूर्ण फेरा घ्यायला 14 इंच नळी लागते. नळीतल्या या संथ आट्यांत (गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचांत) आखूड गोळीच स्थिर राहते. 50 किंवा 55 ग्रेन घ्या, त्यापुढे जाऊ नका. 75 ग्रेनवाल्या लांबड्या गोळ्या कागदावर आडव्या भोकानं लागतील.

कॅलिफोर्नियावासी

तुम्ही सगळे शिशाबद्दल बोलताय. आमच्याकडे 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाची गोळी बंद आहे, कायोटीलासुद्धा. कारण कॉन्डर, इथलं दुर्मिळ मोठं गिधाड. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन ते मरत होते. सुरुवातीला मीही चिडलो होतो. आता .223 मध्ये भरीव तांब्याची गोळी वापरतो आणि सँडहिल्सवाल्यांना हवं तेच मिळतं: तुकडे होत नाहीत, हाड फोडून आत जाते, बाहेर पडताना भोक लहान.

अट एकच. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला वेगवान आटे लागतात. माझी नळी 1:8 आहे. @नवाशिक्या, तुमच्या 1:14 मध्ये हे जमणं कठीण. त्यात 35 ग्रेनच्या एनटीएक्ससारख्या हलक्या बिनशिशाच्या गोळ्या चालतात, पण त्या पुन्हा फुटणाऱ्याच.

धनगरवाट

माझा विरोध मुळातच आहे, तरी लिहितो. माझे आजोबा सोलापूरकडे मेंढरं घेऊन फिरायचे. लांडग्यानं कोकरू नेलं की त्या रात्री कुत्री वाढवायची, वाघर (मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण) नीट लावायची, हा उपाय. इथंही ग्रेट पिरेनीज कुत्री कळपात ठेवणारे लोक आहेत. कायोटी मारून कमी होत नाहीत. रिकाम्या जागेत शेजारचे येतात. जे जनावर वासराला हात लावतं तेवढंच मारा, यात मी रँचवाल्याच्या बाजूनं आहे. बाकी सरसकट मारण्याला माझा विरोध.

पण सँडहिल्सवाले, तुमच्या मांडणीत एक गोष्ट खटकली. कातडं कुणी घेत नाही म्हणता, मग मारलेल्या कायोटीचं काय करता? माळावरच सोडता ना? 2022 मध्ये सायन्स नियतकालिकात एक अभ्यास आला, 38 राज्यांतल्या 1,210 गरुडांचा. जवळपास निम्म्यांच्या हाडांत शिसं साठलेलं होतं. हिवाळ्यात गरुड मढ्यांवर जगतात. कातड्याला भाव होता तेव्हा निदान जनावर उचलून तरी नेत होते.

सँडहिल्सवाला

@धनगरवाट, यावर आधी बोललो असतो तर बरं झालं असतं. हो, माळावरच सोडतो. आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गरुड बसलेले मी स्वतः पाहिलेत. ते पाहून बरं वाटायचं, निसर्गाला काहीतरी परत गेलं असं. शिशाचा विचार मनात आला नव्हता.

सरसकट मारण्याबद्दल आपलं जमणार नाही. मार्च ते मे वासरं पडायचे दिवस, त्याआधी मित्र मला मुद्दाम बोलावतो, आणि त्याचं नुकसान मी पाहिलंय. पण गोळीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला लागलं. माझी नळीही 1:8 आहे, तांब्याची गोळी न वापरायला काही कारणच नाही.

रायफलधारी

घरी भरणार असाल तर एक सांगतो. शिशाच्या गोळीचा दारूचा भार तांब्याला तसाच लावू नका. गोळी लांब, ती पुंगळीत खोल बसते, दाब वाढतो. त्या गोळीचंच मॅन्युअल घ्या, कमाल भारापासून दहा टक्के खाली सुरू करा. आणि भार जुळवायला जुलैत रेंजवर जाऊ नका. तुमची शिकार उणे दहात होते. व्हार्गेटसारखी, तापमानानं फारशी न बदलणारी दारू घेतली तरी नेम थंडीतच तपासा.

हिमरेषा

म्हणजे आता भरीव तांबं, हमखास आरपार, गोठलेल्या माळावर. गरुड वाचतील, माझी शंका तशीच आहे. टेकडी मागे आहे म्हणता, पण कायोटी टेकडीसमोर उभा राहील हे कोण ठरवतं?

सँडहिल्सवाला

माझी बसायची जागा. उत्तरेच्या उतारावर दोन जागा आहेत, तिथून खालीच बार जातो. तिसरी कुंपणालगतची आहे, तिच्यामागे पाणवठा आणि गायी. तिथं या हिवाळ्यापासून बसणार नाही. तिरक्या कोनात बार टाकणार, आकाशरेषेवर उभ्या जनावरावर नाही.

@नवाशिक्या, ती 1:14 घेण्याआधी माझ्यासोबत एकदा चल. परवाना काढलास की कळव.