फाटा, पाटी, मोड : वाट सांगणारे शब्द आणि मोबाइलमधला मॅप

लातूरहून प्रश्न

मोठ्या रस्त्यावरून गावाकडं जिथं वाट फुटते, त्या जागेला तुमच्या तालुक्यात काय म्हणतात?

लातूर-उदगीरकडं आम्ही तिला 'पाटी' म्हणतो. तोंडार पाटी, कोळपा पाटी. बीड, परभणी, जालन्याकडं गेलं की तीच जागा 'फाटा' होते. आणि लातूरहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की आष्टामोड येतो. तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ वेगळा आहे. फाटा म्हणजे फुटलेली शाखा. झाडाला फाटे फुटतात, तसे बोलण्यालाही फुटतात. पाटी म्हणजे गावाचं नाव लिहिलेला फलक. मोड म्हणजे वळण. एकानं रस्ता फुटताना पाहिला, एकानं नाव वाचलं, एकानं बैलगाडी वळवली, आणि जो तो आपल्या परीनं बोलला.

माझं म्हणणं असं, की हे शब्द मॅपवर जसेच्या तसे यायला हवेत. सगळ्यांचा सरसकट 'फाटा' करणं किंवा 'स्टॉप', 'जंक्शन' लिहून मोकळं होणं मला पटत नाही. 'पाटीवर उतर, मी गाडी घेऊन येलालोय' असा निरोप मिळालेला पाहुणा मोबाइलमध्ये नुसतं गावाचं नाव टाकतो आणि मॅप त्याला सरळ गावठाणात नेतो. पाटी आणि गाव यांच्यात दोन-चार किलोमीटर सहज असतात. पाहुणा मारुतीच्या पारावर आणि न्यायला आलेला माणूस पाटीवर, असं होतं. चूक दोघांचीही नसते. गावाला मॅपवर जागा मिळाली, पाटीला मिळाली नाही, एवढंच.

परभणीहून

आमच्याकडं फाटाच. 'पाटी' म्हटलं की शाळेची पाटी डोळ्यांपुढं येते. पण फाट्याला एक अट आहे, ती शब्दकोशात सापडायची नाही: मोठ्या रस्त्यातून लहान रस्ता फुटला पाहिजे, आणि त्या लहान रस्त्याच्या टोकाला गाव पाहिजे. दोन तोलामोलाचे रस्ते एकमेकांना छेदतात तिथं फाटा कुणी म्हणत नाही. जालन्यात अंबड चौफुली आहे, मंठा चौफुली आहे. तीन तोंडं असली तर हल्ली 'टी पॉइंट' म्हणतात. संभाजीनगरचा हर्सूल टी पॉइंट रिक्षावाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याला शुद्ध मराठी शब्द शोधत बसू नये, तो रुळला.

यात नवख्या माणसाचा एक घोटाळा होतो. अंबड चौफुली अंबडला नाही, जालन्यात आहे. तिथून अंबडचा रस्ता निघतो म्हणून ते नाव. मॅपमध्ये नाव टाकताना शेवटचा शब्द गाळला तर माणूस वेगळ्या तालुक्यात पोचेल.

छत्रपती संभाजीनगरहून

चौफुलीचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्याला जोडून लिहितो. जिथं जायचं त्या गावावरून निघण्याच्या जागेला नाव द्यायचं ही इथली जुनी रीत आहे. आमच्या शहराचे दरवाजे पाहा. पैठण गेटातून बाहेर पडणारी वाट दक्षिणेला पैठणची, दिल्ली गेटातून उत्तरेला दिल्लीची. ज्या काळात हातात नकाशा नव्हता त्या काळात दरवाजाचं नाव हीच दिशा होती. पैठणला जाणाऱ्यानं पैठण दरवाजा विचारला की निम्मं काम झालं.

रेल्वेनंही तेच केलं. लातूर रोड हे स्टेशन लातूर शहरात नाही, चाकूर तालुक्यात आहे. मानवत रोडचंही तसंच, मानवत गाव स्टेशनापासून वेगळं आहे. या नावांतला 'रोड' म्हणजे 'इथं उतरा आणि पुढं सडकेनं त्या गावाला जा'. हा अर्थ ठाऊक नसलेला प्रवासी लातूर रोडचं तिकीट काढून लातूरला पोचल्याच्या समजुतीत उतरू शकतो. मॅपवर स्टेशन अचूक जागी दिसतं, पण 'रोड'चा हा अर्थ मॅप सांगत नाही. तो माणसानंच सांगावा लागतो.

उलट बाजूही आहे. आमच्याकडं महावीर चौक विचारलात तर काही जण थबकतील, बाबा पेट्रोल पंप म्हणा, लगेच हात वर करून दाखवतील. अधिकृत नावाचा मान ठेवूनही बोलीतलं नाव मॅपवर हवं असं मला ठामपणे वाटतं. वाट विचारणारा बोलीतल्या नावानंच विचारतो.

बीडहून

दिशांचं बोलू. चालायला लागायच्या आधीच मॅप सांगतो, 'उत्तरेकडे निघा.' उभ्या माणसाला उत्तर कुठली ते कसं कळावं? आपल्याकडं उगवतीला, मावळतीला असं सांगतात, कारण सूर्य सगळ्यांना दिसतो. त्याहून पक्कं म्हणजे घाटावर आणि घाटाखाली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला गोदाकाठचा मुलूख खाली. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, म्हणून तिच्या काठची ती गंगथडी. नदीपलीकडं पैलथडी. या शब्दांत दिशा आहे, चढ-उतार आहे, जमीन काळी की मुरमाड हेही आहे. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटाच्या नावातला 'घाट' याच कामाचा. सावरगावं खूप आहेत, पण हे घाटावरचं.

आणि उत्तरेच्या घोळाचं कारण साधं आहे. उपग्रहांकडून मोबाइलला आपण कुठं आहोत ते कळतं, त्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. आपलं तोंड कुठं आहे ते त्यावरून कळत नाही. ते एक तर आपण चालायला लागलो की कळतं, नाही तर मोबाइलमधल्या होकायंत्रावरून, आणि ते लोखंडाजवळ, गाडीजवळ बिघडतं. म्हणून चौफुलीवर थबकून मॅपकडं बघत राहण्यापेक्षा वीस पावलं चालावं, बाण आपोआप सरळ होतो.

हिंगोलीहून

तुम्ही सगळे सडकेवरच आहात. शेताची वाट कुणी सांगायची?

दोन्ही बाजूंनी कुंपण किंवा झाडझुडूप असलेली, गाडी जाईल अशी शिवारातली वाट म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात पाणंद म्हणतात आणि सरकारी योजनेतही 'शेत/पाणंद रस्ते' असंच आलंय, त्यामुळं आमच्याकडची पोरं आता पाणंद लिहायला लागली. बोलताना पांदणच. पांदण, गाडीवाट, पायवाट, आणि धुऱ्यावरून गेलेली वाट, हे चार निरनिराळे आहेत. धुरा म्हणजे बांध. धुऱ्यावरून पावसाळ्यात माणूस जाईल, बैलगाडी जाणार नाही. मोबाइलचा मॅप मात्र बऱ्याचदा सगळ्यांना एकच बारीक रेघ देतो, नाही तर काहीच देत नाही. जून-जुलैत त्या रेघेवर भरवसा ठेवून चारचाकी काळ्या रानात घातली की ती ट्रॅक्टरनंच ओढून काढावी लागते.

इथं नकाशा या शब्दाकडं या. आमच्या गावात 'मॅप' म्हणजे मोबाइलमधला आणि 'नकाशा' म्हणजे भूमी अभिलेखचा. 'मॅप लावून ये' म्हणतात, 'नकाशा लावून ये' कुणी म्हणत नाही. 'नकाशा काढून आण' म्हटलं की समजावं, बांधाचा वाद पेटलाय. माझ्या मते हा भेद चांगला आहे, तो मोडू नये, कारण दोन्हींचं काम वेगळं. गाव नकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट धरतात. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, ८.२५ फूट. ही भाषा वाचता आली तर माणूस तहसीलमध्ये उभा राहून आपली वाट मागू शकतो. बांधावरून वाट देण्याचा अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं होतो, तिथं मोबाइलचा मॅप दाखवून भागत नाही. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून गटाची आकृती आणि शेजारचे गट घरबसल्या बघता येतात, एवढी सोय झाली आहे.

उदगीरहून

नावांच्या गोंधळात शिरूरही घ्या. शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद दोन्ही आमच्याच जिल्ह्यात, शिरूर कासार बीडला, आणि नुसतं शिरूर टाकलं तर मॅप पुण्याकडचंही दाखवील. लग्नपत्रिकेवर पूर्ण नाव छापा. खुर्द-बुद्रुकही 'खु.', 'बु.' असं न आखडता पूर्ण लिहा.

लातूरहून, पुन्हा

सगळ्यांचे आभार. पांदण आणि धुरा हा मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि तो माझ्या पाटीपेक्षा महत्त्वाचा निघाला. ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला मॅप कुणालाही दुरुस्त करता येतो. त्यात एका जागेला मुख्य नाव, मराठी नाव, दुसरं नाव आणि स्थानिक नाव अशा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिता येतं. म्हणजे महावीर चौक आणि बाबा पेट्रोल पंप दोन्ही एकाच ठिपक्यावर बसतात, भांडण नाही. रस्त्याच्या प्रकारालाही रकाना आहे. गाडीवाट आणि पायवाट वेगळ्या दाखवता येतात, कच्चा-पक्का लिहिता येतं. ज्यानं ती वाट पावसाळ्यात तुडवली आहे त्यानंच ते भरावं.

एकच शंका राहिली. 'आष्टामोड' एकत्र लिहावं की 'आष्टा मोड' तोडून?

नांदेडहून

एकत्र. बोलताना नावाला काय जोडतो ते पाहा. आपण 'फाट्यावर उतरलो', 'तोंडार पाटीवर थांबलो' म्हणतो, तिथं 'वर' लागतो कारण फाटा आणि पाटी अजून जागेची नावं आहेत, गावाची नाहीत. पण 'आष्टामोडला उतरलो', 'आष्टामोडला चहा घेतला' म्हणतो, जसं चाकूरला, अहमदपूरला. बोलणाऱ्यांनी त्याला गाव मानलं. पाटी मात्र तोडूनच लिहा, 'कोळपा पाटी', म्हणजे शोधताना कोळपा हे गावही सापडेल आणि पाटीही.