हरलेल्या सेनापतीला इतकं भारदस्त का रंगवायचं?

माळरान (मूळ धागा)

पोलंडमधल्या क्राकोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जनरल हेन्रिक देंबिन्स्की या पोलिश सेनापतीचं तैलचित्र आहे. पोलिश चित्रकार हेन्रिक रोदाकोव्स्कीनं ते १८५२ साली पॅरिसमध्ये रंगवलं आणि त्याच साली तिथल्या सालोंमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, त्याला पहिल्या श्रेणीचं सुवर्णपदक मिळालं. चित्रकार तेव्हा तिशीच्याही आतला. हात पक्का आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो त्या थोरपणाबद्दल. देंबिन्स्की उमराव घराण्यातला. १८४९ मध्ये हंगेरीच्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात सरसेनापती झाला. फेब्रुवारीत कापोल्नाहून माघार घ्यावी लागली, मग हंगेरियन अधिकाऱ्यांनीच त्याला पदावरून खाली खेचलं. पुढे सूत्रं पुन्हा हाती आली, तर अरादला हंगेरियन सेनापती ग्यॉर्गेईच्या फौजेला मिळायचं सोडून सैन्य तेमेश्वार शहराकडे नेलं. ९ ऑगस्टला तिथे दाणादाण उडाली. चारच दिवसांत ग्यॉर्गेईनं शस्त्रं खाली ठेवली. एवढं सगळं झाल्यावर तीनच वर्षांत हा माणूस चित्रात विचारवंत होऊन बसतो. त्याच्या हुकमावर मेलेल्या शिपायांचं चित्र कुणी काढलं?

शिसवी

साफ असहमत. आधी एक दुरुस्ती. तेमेश्वारला ऐन लढाईत सूत्रं बेम या दुसऱ्या पोलिश सेनापतीनं घेतली होती. अरादऐवजी तिकडे वळण्याचा निर्णय देंबिन्स्कीचा, हे मान्य. पण सगळं खापर एकट्यावर नको.

आता चित्राकडे या. डोकं हातावर टेकवलेलं, तलवार उगारलेली नाही, नजर कुणाकडेच नाही. कपाळावर तेवढा उजेड, बाकी रंग अंधाराकडे झुकलेले. उमरावाची खुशामत करायची असती तर घोड्यावर बसवलं असतं! पोलंड १७९५ पासून नकाशावर नव्हता, रशियाविरुद्धचा पोलिश उठाव १८३१ मध्ये चिरडला गेला होता, आणि समोर बसलेला माणूस निर्वासित. रोदाकोव्स्कीनं पराभवच रंगवलाय, तोही न लपवता.

माळरान

बेमबद्दलची दुरुस्ती मान्य. पण पराभव दिसतो तो माणसाचा, चूक कुठेच दिसत नाही. बघणारा हळहळतो आणि प्रश्न विचारायचंच विसरतो. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ओलीसुकी

चुकांचा हिशेब इतिहासकारानं करावा, चित्रकाराकडून ती अपेक्षा का? शिवाय १८३१ च्या त्या उठावात लिथुआनियातून आपली तुकडी वाचवून वॉर्सापर्यंत आणणाराही हाच देंबिन्स्की. तो हिशेबही मांडायला हवा ना?

मला मात्र रोदाकोव्स्कीनं १८५३ मध्ये केलेलं स्वतःच्या आईचं चित्र यापेक्षा कितीतरी वरचं वाटतं. फ्रेंच चित्रकार दलाक्रवानंही त्याची मनापासून तारीफ केली होती. तिथे गणवेश नाही, तलवार नाही, कसलाही आधार न घेता ती बाई समोर येते.

शिसवी

आईच्या चित्राबद्दल पटलं. पण देंबिन्स्कीचा गणवेश हा आधार नाही, ओझं आहे. ज्या फौजेचा तो, ती फौजच उरलेली नाही. तो कोट काढून घेतला तर चित्रात एक थकलेला म्हातारा उरेल, आणि तुमचा प्रश्नही मग कुणाला विचारणार?