वालाच्या शेंड्यांवर काळा मावा: शेंगा खायच्या आहेत, विषारी औषध नको

गच्चीवरचा मांडव

पुण्यात गच्चीवर ड्रममध्ये वाल आणि शेजारी चवळी लावली आहे, दोन्ही मांडवावर चढलेत. वाल फुलावर आहे. मध्ये काही दिवस आभाळ भरून होतं, तेव्हापासून शेंडे आणि फुलांचे तुरे काळ्या माव्याने गच्च भरलेत. खालची पानं चिकट होऊन चकाकतात, देठांवरून मुंगळ्यांची ये-जा सुरू आहे, पानांवर बारीक पांढरी टरफलं दिसतात. शिवाय काळपट राखाडी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या फिरताहेत. त्या वेचून टाकू का?

घाण्याचं कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली घालून दुपारी फवारलं. तेल पाण्यावर तरंगतं आणि काही पानांच्या कडा करपल्या. आता कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी, तंबाखूचं पाणी, राख असे सल्ले मिळताहेत. यातलं खरंच काय उपयोगी आहे? मिरचीची पानंही आकसलीत, तोही मावाच का?

बांधावरून

त्या अळ्यांना अजिबात हात लावू नका. त्या ढालकिड्याच्या म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या आहेत आणि तुमचं निम्मं काम त्याच करणार आहेत. एक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावे खाते. पानाखाली पिवळ्या, उभ्या, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या लांबट अंड्यांचा पुंजका दिसला तर तीही त्यांचीच. केसासारख्या बारीक देठावर एकेकटं पांढरट अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, तोही मावा खाणारा मित्रकीटक. आणि शेंड्यात हिरवट, बिनपायाची, एका टोकाला निमुळती अळी दिसली तर ती सिरफिड माशीची. भिंग असेल तर जरा वेळ तिच्याकडे बघा: मावा तोंडात धरून वर उचलते, आतला रस शोषते आणि रिकामं कातडं टाकून देते. माव्यांमध्ये काही फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे आणि जागचे न हलणारे दिसतील. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. ते खुडून टाकू नका.

पांढरी टरफलं म्हणजे माव्याची कात. फवारणीनंतर ती पाहून 'मावा मेला' असं बऱ्याच जणांना वाटतं. काहींना ती पांढरी माशी वाटते. जिवंत मावा ओळखायचा तर शेंड्याला हलकं बोट लावा, पाय हलताना दिसतील. तुमच्या वेलावरचे चकचकीत काळे ते पूर्ण वाढलेले, मळकट करडे ती पिल्लं.

एवढा झपाट्याने वाढतो त्याचं कारण असं की आपल्या हवेत माद्या नराशिवायच थेट पिल्लं घालतात. त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार होत असते, आणि पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवायला लागतं. म्हणून चार जरी उरले तरी आठवड्याभरात शेंडा पुन्हा भरतो. ढालकिडे मात्र नेहमी मागून येतात, मावा वाढल्यावर. या मधल्या काळात धीर सुटतो आणि माणूस जहाल औषध मारतो. त्यात मित्रकीटक मरतात, मावा पुन्हा येतो आणि या वेळी त्याला खाणारं कुणी नसतं.

तेव्हा आधी हे करा. पूर्ण भरलेले, वाकडे झालेले शेंडे खुडा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. उघड्या कचऱ्यात टाकू नका. उरलेल्या शेंड्यांना सकाळी पाण्याचा जोरकस फवारा द्या. मागून तळहाताचा आधार द्या म्हणजे शेंडा मोडणार नाही, आणि फवारा पानाच्या खालून वर मारा. फुलांच्या तुऱ्यांवर जोर कमी ठेवा, नाहीतर फूल गळेल. ज्या शेंड्यांवर अळ्या आहेत ते सोडून द्या. एक दिवसाआड तीन वेळा केलं की फरक दिसतो, कारण खाली पडलेली पिल्लं फारशी वर चढून येत नाहीत.

आणि खत थांबवा. पेंडेचं पाणी, स्लरी, युरिया, जे काही नत्राचं देत असाल ते महिनाभर बंद. जादा नत्राने शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच बसतो.

निंबोळी_अर्क

तेलाबद्दल. कडुनिंबाचं तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही. तसंच पंपात घातलं की सुरुवातीला नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. ज्या पानांवर शेवटचा फवारा गेला ती करपली असणार. त्यात दुपारचं ऊन.

कोमट पाणी १०० मिली घ्या, त्यात ५ ग्रॅम साधा साबण किसून पूर्ण विरघळवा. बाटलीत भरून ५ मिली तेल थोडं थोडं घाला आणि दर वेळी झाकण लावून जोरात हलवा. दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. मग त्यात ९०० मिली पाणी. दहा मिनिटं ठेवून बघा. वर तेलाचे डोळे दिसले तर साबण कमी पडलाय किंवा पाणी जड आहे. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, पांढरा साका तरंगतो आणि पंपाची जाळी तुंबते. त्यासाठी पावसाचं किंवा आरओचं पिण्याचं पाणी घ्या. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. फवारणी सूर्य कलल्यावर, मधमाश्या परतल्यावर. कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो, त्यामुळे सकाळी मारलेलं बरंचसं वाया जातं. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. पाच-सहा दिवसांनी दुसरी फवारणी, तीही जिथे मावा आहे तिथेच. अझाडिरॅक्टिन लगेच मारत नाही, खाणं आणि कात टाकणं बिघडवतं. दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून डोस दुप्पट करू नका.

तेलापेक्षा निंबोळी अर्क वेलाला सोसवतो, असं माझं मत. प्रमाण ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड. फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी पुरचुंडी दाबून दाबून पांढरट रस काढा, दुपदरी कापडातून गाळा, लिटरला २ ग्रॅम साबण घाला, पाणी घालून माप पुरं करा आणि संध्याकाळी फवारा. निंबोळी सावलीत वाळवलेली आणि त्याच वर्षीची हवी. जुनी किंवा बुरशी आलेली असेल तर मेहनत फुकट.

कपडे धुण्याची पावडर नको. त्यातला सोडा पान जाळतो आणि पानावरचा मेणाचा थर धुऊन काढतो. तंबाखूचं पाणी तर मुळीच नको. निकोटीन माणसालाही विषारी, ढालकिडेही मरतात, आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावाटे टोमॅटो-मिरचीत जाऊ शकतो. राख थोडीफार चालते: चाळून घ्या, पहाटेच्या दवात धुरळा, दोन दिवसांनी धुऊन काढा. पण ती शेंड्याच्या घडीत पोचत नाही. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून काढलेल्या अर्कात, बऱ्याचदा कण्हेर आणि धोतरा असतो, तेव्हा तोडणीला आलेल्या शेंगांवर तो मारू नये.

गच्चीवरचा मांडव

अळ्या वाचल्या! मुंगळ्यांचं काय करू? लक्ष्मणरेषा खडू ओढला तर?

अळसांद्याचं शेत

खडू कीटकनाशकाचा असतो, भाजीच्या देठाला लावू नका.

मुंगळे हा इथला कळीचा मुद्दा आहे. ते माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकतात. ते वर जात राहिले तर वरच्या दोन्ही प्रतिसादांतली मेहनत अर्धीच फळेल. मांडवाच्या प्रत्येक काठीला खालून फूटभरावर रुंद चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलिन किंवा ग्रीसचा जाड थर द्या. वेलाच्या खोडालाही पट्टी लावा, पण ग्रीस पट्टीवरच, सालीवर नाही. मग खाली बसून नीट बघा: भिंतीला टेकलेलं एखादं पान, कपडे वाळत घालायची दोरी, लोंबणारा शेंडा. एक पूल उरला तरी सगळे तिथून जातात. धूळ बसली की थर नवा करा.

गोव्यात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आम्ही अळसांदे (चवळीचाच प्रकार) घेतो, त्यावर हाच काळा मावा येतो. शेताच्या कडेला कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर सोडली की सिरफिड माश्या येतात; कुंडीतही जमेल. बांधावरची रुई काढू नका. तिच्यावरचा पिवळाधमक मावा वालावर येत नाही, पण ढालकिडे तिथे पोसले जातात.

पिवळे चिकट सापळे फक्त पंखवाला मावा पकडतात, म्हणजे आगाऊ सूचना मिळते एवढंच. ढालकिडे दिसायला लागले की सापळे काढा, तेही चिकटतात.

बांधावरून

मिरचीचं राहिलं. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड). बोकड्या म्हणतात तो बहुतेकदा यांचा किंवा पांढरी माशी आणते त्या विषाणूचा. पान उलटं करून मावा दिसला तरच त्याला मावा म्हणा. कोळ्यावर माव्याचे उपाय पुरेसे पडत नाहीत, पानाखालचा फोटो टाका.

वालाचे दहा शेंडे दोऱ्याने खूण करून ठेवा आणि तीन-तीन दिवसांनी तेच बघा. नवीन पालवी स्वच्छ निघत असेल आणि अळ्या वाढत असतील तर काहीही फवारू नका. आठ-दहा दिवसांनीही नवे तुरे भरतच असतील तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, वेल ओला करून. तिला हवेत दमटपणा लागतो, कोरड्या वाऱ्यात ती लागत नाही. आठवडाभर आधी-नंतर कुठलंही बुरशीनाशक नको.

निंबोळी_अर्क

एक भर. चवळीच्या पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगाचे चट्टे दिसले, पान सुरकुतलं आणि वेल खुरटला, तर तो माव्याने आणलेला मोझॅक समजा. मावा नुसतं सोंड टोचून चव घेतो तेवढ्या वेळात हा विषाणू देऊन जातो, म्हणून फवारणीने तो थांबत नाही आणि लागलेला वेल बरा होत नाही. माव्यासकट पिशवीत घालून उपटा. त्या वेलाच्या शेंगा खायला हरकत नाही, पण बी धरू नका. हा रोग बियांतूनही पुढच्या हंगामात जातो.